मनाचे पासिंग

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला आमची एक छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथले पाळक पियुष हे अकोटकडचे, वयाने तरुण. पुढच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, असल्याचे जाहीर करून त्यांनी सांगितले, की प्रत्येकाने आठवडाभर स्वतःच्या मनात डोकावून पाहावे, कुणाशी वाकडे असेल तर सरळ करावे आणि मगच भाकरीला हात लावावा. प्रवचन सर्वांना अतिशय आवडले. आज पाळकांनी त्याला बरोबर धरले, असे बाहेर पडताना जो तो म्हणत होता. ‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे ज्याचे त्याला ठाऊक.

मंडळीचे ज्येष्ठ पंच डोमाजी यांना मात्र या योजनेत गंभीर त्रुटी आढळली. वाहने तपासण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झालेले. अख्ख्या नोकरीत ‘माझे ब्रेक खराब आहेत’ असे सांगत आलेला एकही गाडीवाला त्यांना भेटला नव्हता. पंचांच्या बैठकीत त्यांनी मुद्दा मांडला.

“मालकच आपली गाडी पास करून राहिला, तर रस्त्यावर कोन वाचनार, पाळकसाहेब?”

मन म्हणजे ट्रक नव्हे, असे पाळकांनी सांगून पाहिले. तरी ठराव झालाच. आत्मपरीक्षण स्वतःच करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्याने, यापुढे प्रत्येकाचे आत्मपरीक्षण शेजारी बसणाऱ्या सभासदाने करावे, असे ठरले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अर्थातच डोमाजी. तपासनीस व्हायला कोण तयार आहे असे विचारताच इतके हात वर झाले, की तपासून घ्यायला माणूस उरेना.

त्या आठवड्यात मंडळीत जो उत्साह दिसला तो नाताळातही दिसत नाही. कधी एकमेकांचा उंबरा न चढलेले लोक सकाळी सकाळी मंडळीच्या रिवाजाप्रमाणे “सलाम” म्हणत दारात उभे राहू लागले. चहा घेता घेता फडताळावरून नजर फिरवू लागले. कोण कुणाबद्दल काय बोलतो, हेही काळजीपूर्वक एकमेकांना सांगितले जाऊ लागले. प्रीती वाढत असल्याचा अहवाल समितीने तोंडी दिला.

वर्षालीचे प्रकरण थोडे नाजूक होते. नवऱ्याचे घर सोडून ती माहेरी आली होती, मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि रविवारी गायनात पुढे असायची. घर का सोडले, असे समितीने तिला विचारले. ती ओढणीचे टोक चाळवत राहिली.

“देवाले सांगतलं मी,” ती म्हणाली. “तुमाले सांगाले अजून धीर होत नाई.”

माहिती दडवल्याच्या कारणावरून तिला प्रभुभोजनाला अपात्र ठरवण्यात आले.

डोमाजींच्या शेजारी बसत त्यांच्या पत्नी जाईबाई. त्यांनी आपले काम चोख केले. दोन घरांमधल्या भिंतीच्या वादावरून डोमाजी धाकट्या भावाशी, कुलदीपशी, कित्येक वर्षे बोललेले नाहीत, आणि शांतीचे गीत दोघेही एकमेकांकडे पाठ करून म्हणतात, असे त्यांनी भर बैठकीत सांगितले. डोमाजींनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग तपासनीस नात्यातली असल्याने तपासणी बाद ठरवली. शिवाय भांडण कुलदीपचे असल्याने परीक्षणही त्याचेच व्हावे, असा निर्णय दिला.

शनिवारपर्यंत अख्खी मंडळी अपात्र ठरली. अध्यक्षांची तपासणी तेवढी प्रलंबित होती.

रविवारी पाळक भाकर आणि प्याला घेऊन उभे राहिले. कुणी जागचे हलेना. पाळकांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली.

“जो स्वतःला पात्र समजतो, त्याने बसून राहावे,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी यावे.”

आधी वर्षाली उठली. तिच्यामागे जाईबाई. मग एकेक करत बाकडी रिकामी होऊ लागली. कुलदीपही उठला, पण तो पुढे न जाता डोमाजींच्या बाकापाशी येऊन थांबला.

“दादा, भिंतीचं मीच ताणलं. चुकलो मी. चाल, संगं जाऊ.”

डोमाजी बाकावर जरा पुढे सरकले. हात उचललाही गेला. पण जन्माची सवय आडवी आली.

“पाह्य, समिती नसती तं हे तुले सुचलं असतं का?” ते म्हणाले. “तू हो पुढं. कोन कोन जाऊन राहिलं, हे पाहाले इथं कोनी पाहिजे का नाई?”

कुलदीप मान खाली घालून पुढे गेला. डोमाजी पाहत राहिले. शेवटचा माणूस पुढे पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की पाहण्यासारखे मागे काही उरलेले नाही. आता पुढचे सगळे वळून त्यांच्याकडे पाहत होते. स्वतःला पात्र समजणारा अख्ख्या मंडळीत एकच मनुष्य बसून होता.

बऱ्याच वेळाने ते उठले. चालताना त्यांनी कुणाकडेही पाहिले नाही. कुलदीप आपला तुकडा तसाच हातात धरून थांबला होता. डोमाजी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर टेकले आणि काहीच बोलले नाहीत.

मंडळीने मात्र खूप बोलून घेतले. एवढा गर्व बरा नव्हे, यावर फाटकापाशीच सर्वांचे एकमत झाले. घरी गेल्यावर, आपण त्या डोमाजीसारखे नाही याबद्दल प्रत्येकाने देवाचे मनापासून आभार मानले.

वाचकहो, तुम्ही तर ते आभार मंडळी घरी पोचायच्याही आधी मानले.