फडताळातली व्हिस्की आणि मनीची साक्ष

नौपाड्यात गोपीनाथपंत टिपणिसांच्या दारावर हातभर लांबीची पाटी होती: 'गुप्तहेर'. गुप्त माणसाने पाटी कशाला लावावी, असं त्यांच्या मदतनीस विश्रामने एकदा विचारलं होतं.

"मी गुप्त आहे हे लोकांना कळायला नको का?" पंत म्हणाले, आणि विश्रामने तो विषय सोडून दिला.

स्वतःबद्दल बोलायला पंतांना निमित्त लागत नसे. "विश्राम, देवाने बुद्धी वाटली तेव्हा लोक वाटी घेऊन गेले. मी रांजण घेऊन गेलो," असं ते रोज सकाळी सुपारी कातरता कातरता सांगत. रांजणाला कुठेतरी चीर गेली असावी, असं विश्रामला वाटे. पण पंतांच्या घरचं जेवण फार चांगलं असे, म्हणून तो मान डोलवी. आजवर पंतांनी उकललेलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे तलावपाळीवर हरवलेली एक छत्री. ती शेवटी पंतांच्याच काखेत सापडली.

त्या दिवशी पानं वाढायच्या सुमाराला कलेक्टर कचेरीतले अव्वल कारकून त्र्यंबकराव धापा टाकत आले. पगडी वाकडी झालेली, उपरणं जमिनीवर लोळतंय.

"पंत, घात झाला. घरातून बाटली गेली."

"तेलाची?"

त्र्यंबकरावांनी आधी दार लावून घेतलं. "विलायती. व्हिस्कीची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कचेरीतल्या एका कारकुनाची मोखाड्याला बदली व्हायची होती. एक तर त्र्यंबकरावांची, नाही तर दुसरे कारकून श्रीपादराव यांची. मोखाडा म्हणजे डोंगर, रान आणि हिवताप. त्र्यंबकरावांची मुलगी वासंती कल्याणला दिलेली. पहिलटकरीण. पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी यायची होती. "त्या रानात कुठे आणू हो तिला?" ते म्हणाले. आणि ज्याच्या हातात ही बदली, तो साहेब आज माजिवड्याची पाहणी करून परतताना त्यांच्या घरी टेकणार होता. त्याला देशी घर आतून बघायची हौस होती. आणि व्हिस्कीत जिंजर बीअर घालून पिण्याची त्याहून मोठी.

"साहेबाच्या खानसाम्याकडून कृती विचारून घेतली. व्हिस्की मुंबईहून उपरण्यात गुंडाळून आणली. जिंजर बीअर घरीच केली. आलं, साखर, लिंबू आणि मनुका घालून बरणीत आंबवली, छान फसफसली. फक्त गार कशी करायची या काळजीने आठवडाभर झोप नाही. मुंबईहून बर्फ मागवला तर वाटेतच त्याचं पाणी झालं. आणि आज फडताळ उघडतो तर बाटली नाही, बरणीही नाही. पोलिसांत जाऊ कसा? व्हिस्कीचं नाव निघालं तर उद्या आळी मला वाळीत टाकेल."

पंतांनी डोळे मिटले. "घरी कोणाशी बोललात?"

"छे. बघितलं आणि थेट तुमच्याकडे धावलो."

"उत्तम. आता मी सांगेपर्यंत घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही. बोलण्याने जबान्या फुटतात."

विश्रामने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. आत अळूची भाजी होती. तो उपाशीच निघाला.

त्र्यंबकरावांच्या ओटीवर पंतांनी फडताळात डोकं घालून हुंगलं. "आल्याचा वास. चोराला पडसं झालंय. आल्याचा काढा घेऊन आलाय."

"पंत, बरणीत आलंच होतं ना," विश्राम म्हणाला.

"विश्राम, तुला जे दिसतं तेच तू बघतोस. हाच तुझा दोष." मग त्यांची नजर जमिनीवर गेली. फडताळापासून माजघराच्या दारापर्यंत ओले डाग होते. "चोर ओला होता. म्हणजे पोहत आला. म्हणजे खाडीतून. कळव्याच्या बाजूने."

"बाईंनी विहिरीचं पाणी भरलं असेल."

"पुन्हा तेच," पंत हळहळले.

इतक्यात माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. एकदा, दोनदा, मग चांगल्या खणखणून. त्र्यंबकराव उठू लागले, तसं पंतांनी त्यांचं उपरणं धरलं. "कोण आहे आत?"

"आमच्या घरची मंडळी," त्र्यंबकराव खाली बघत म्हणाले. मंडळी म्हणजे त्यांची बायको गोदाबाई. त्या काळी घरंदाज नवरा-बायको परक्यांदेखत एकमेकांशी शब्द बोलत नसत. काय बोलायचं ते रात्री दिवा मालवल्यावर. आणि पंत तर ओटीवर मांडी ठोकून बसले होते.

"त्यांना बांगड्या वाजवू नका म्हणावं. माझा विचार तुटतो."

मग बाईमाणसाचा आवाज आला, पण बोलणं मांजरीशी चाललेलं होतं. "मने, बाहेर मोठी हुशार माणसं आलीत गं. उन्हाचं आलीत. आमच्या विहिरीचं पाणी काढून प्यावं त्यांनी. फार गार असतं हो."

"तपास चालू असताना मी पाणी पीत नाही," पंतांनी हवेला सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई मांजरीची उलटतपासणी करताहेत. त्यांना मांजरीचा संशय आहे. पण मांजर बरणी उचलणार नाही. बाटलीचं मात्र सांगता येत नाही."

ऊन कललं. पंतांनी एकामागून एक तीन चोर ठरवले आणि तिघांनाही सोडून दिलं. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. "श्रीपादराव! तुमची बदली झाली तर ते वाचतात. आणि त्यांना परवा शिंक आलेली मी स्वतः ऐकली. चला, त्यांच्या घरी जाऊन चारचौघांत जाब विचारू."

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. "पंत, पाया पडतो, चारचौघांत नको. व्हिस्कीचा बोभाटा होईल."

"सत्याला बोभाटा लागतोच," म्हणत पंतांनी काठी घेतली. त्र्यंबकराव त्यांच्या मागून हात जोडत, विनवत निघाले. "विश्राम, तू इथेच थांब. पुराव्यावर नजर ठेव."

पुरावा म्हणजे रिकामं फडताळ. विश्राम त्याच्याकडे बघत बसला. त्याला त्र्यंबकरावांची फार दया आली, आणि अळूच्या भाजीची आठवणही.

"मने," आतून पुन्हा आवाज आला, आता चांगला वैतागलेला, "सांगून सांगून माझा घसा बसला. मेलं कोणी पाणीच पीत नाही. गार करायची वस्तू माणूस ठेवील तरी कुठे?"

विश्राम मंदबुद्धी नव्हता, फक्त पंतांच्या नोकरीत होता. तो उठून घराला वळसा घालून परसात गेला. विहिरीच्या रहाटाचा दोर ताठ उभा होता. हळूहळू ओढला तर पोहरा वर आला, आणि त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली आणि बरणी शेजारी शेजारी बसलेली. हाताला अशी गार लागली की विश्रामला हसूच फुटलं. नवऱ्याची आठवडाभराची काळजी बाईने पाणी भरताना मिटवून टाकली होती.

तेवढ्यात रस्त्यावर टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला. साहेब वेळेआधीच आला होता. विश्राम बाटली-बरणी घेऊन धावत ओटीवर आला आणि माजघराच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला. "मनीताई," तो कळवळून म्हणाला, "खानसाम्याची कृती मला ठाऊक नाही हो."

"मने, पेल्यात आधी व्हिस्की दोन बोटं," आतून ताबडतोब उत्तर आलं.

विश्रामने पेल्याला दोन बोटं लावली आणि ओतू लागला.

"आडवी गं मने, आडवी! उभी दोन बोटं घेतली तर साहेब घरी जायचा नाही."

विश्रामने जास्तीची व्हिस्की बाटलीत परत ओतली.

"आता बरणीतलं वरून, पेला तिरपा धरून. फेस बसू दे. लिंबाची फोड पिळायची, बी पडू द्यायची नाही. आणि ढवळायचं एकदाच, ताक नव्हे ते."

साहेबाचा टांगा बघून त्र्यंबकराव आळीच्या तोंडाशीच मागे फिरले होते, आणि गिऱ्हाईक गेल्यावर पंतही. दोघं ओटीवर पोचले तेव्हा साहेब खुर्चीत बसून पेला ओठाला लावत होता. बाटली पाहून त्र्यंबकरावांनी आधी फडताळाकडे पाहिलं, मग विश्रामकडे.

"माझ्या भीतीने चोराने माल परत केला," पंत विश्रामच्या कानात म्हणाले.

साहेब सावकाश प्यायला. रिकामा पेला त्याने पुढे केला, विश्रामने भरला, तोही संपला. साहेब मराठीची सरकारी परीक्षा पास झालेला होता आणि पुस्तकातलं मराठी बोलत असे. "त्र्यंबकराव, ठाण्यात इतके शीतल पेय मी प्राशन केलेले नाही. हे कोणी सिद्ध केले?"

पंत दोन पावलं पुढे आले. "साहेब, हे माझ्या तपासाचं फळ आहे."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्र्यंबकरावांकडे. "कोणी?"

कोणीतरी केलं, नोकराने केलं, असं त्र्यंबकरावांनी म्हटलं असतं तर भागलं असतं. विश्रामला त्यांचे कान लाल होताना दिसले. मग ते वळले, माजघराच्या दाराकडे तोंड केलं, आणि साहेबादेखत, पंतांदेखत, भरदिवसा म्हणाले, "गोदे, साहेब विचारताहेत. तूच सांग."

दाराच्या चौकटीशी पदराचा काठ दिसला, आणि या वेळी मांजरीला मध्ये न घेता उत्तर आलं. "अहो, साहेबांना सांगा, आलं आणि मनुका इथल्या बाजारातल्या. पाणी या विहिरीचं. मोखाड्याला यातलं काही मिळायचं नाही. आणि माझी पोर तिथे बाळंत व्हायची नाही."

त्र्यंबकरावांनी ते साहेबाला शब्द न शब्द सांगितलं.

साहेब मोठ्याने हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मोखाड्याचा विचार मी पुन्हा करीन. तुम्ही येथेच राहाल. कन्येस घेऊन या." टांगा वळेपर्यंत तो हसत होता.

घुंगरांचा आवाज दूर गेला. त्र्यंबकराव दिवा मालवायची वाट न बघता सरळ आत गेले. आतून दोघांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आधी हळू, मग अडखळत, मग दोघंही एकदम. वासंतीला आणायला उद्या कल्याणला कोणी जायचं, यावर ते भांडत होते, आणि गोदाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

पंतांनी दाराला कान लावला. "विश्राम, ऐकतोयस ना? जबानी चाललीय. टिपून घे."

विश्राम इतकी वर्षं पंतांच्या मागून चालला होता. त्याने त्यांचं मनगट धरलं आणि पायऱ्या उतरवल्या.

"चला पंत," तो म्हणाला. "ही जबानी आपली नाही."