शून्य तक्रार सागरी सहल

दोष हा नोंदीवर जगतो. जो दोष कागदावर आला नाही तो घडलाच नाही, या तत्त्वावर भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा औद्योगिक पट्टा उभा आहे आणि चांगला भक्कम उभा आहे. (रस्त्यातले खड्डे प्रस्तुत लेखनाच्या कक्षेत येत नाहीत.)

इब्राहिमभाई मुलाणी हे या तत्त्वाचे चाकणातले जाणते गुरू. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ते एकोणीस वर्षं गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. बिजागरीवर केसाएवढा ओरखडा दिसला की ते तिला लाल चिठ्ठी बांधत, मग मध्ये मालकाचा मेहुणा पडो की आणखी कोणी. मात्र ग्राहक कंपनीचा ऑडिटर यायचा असला की आदल्या आठवड्यात ते सगळ्या कामगारांचा वर्ग घेत. अभ्यासक्रम आटोपशीर होता. हातात वही असलेला माणूस दिसला की टाचा जुळवून उभं राहायचं. विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला उत्तर एकच: ‘ऑल ओके, सर.’ (ऑडिटर बाई असतील तर ‘मॅडम’. हा धडा जोडून घेतला जाई, कारण पहिल्या वर्षी घोटाळा झाला होता.) एकोणीस वर्षांत एक्केचाळीस ऑडिट झाली आणि शेऱ्यांच्या रकान्यात एक अक्षर पडलं नाही. कारखान्याच्या छपरातून पाणी गळत होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

या कामगिरीची दखल घ्यावी असं व्यवस्थापनाला वाटलं. एकशेसहा कर्मचारी, सोबत नवरा किंवा बायको, अशा दोनशे बारा जणांना ‘सागरसम्राज्ञी’ नावाच्या जहाजावरून मुंबई ते गोवा आणि परत, तीन दिवसांची सहल जाहीर झाली. मनुष्यबळ विभागाच्या विजयश्री मॅडमनी तिला ‘शून्य तक्रार सागरी सहल’ असं नाव दिलं. नाव देताना तक्रारींची चौकशी करण्याचं कारण नव्हतं, कारण सहल अजून व्हायची होती.

इब्राहिमभाईंच्या बायको सलिमा यांनी कासारवाडीच्या घरात सव्वीस वर्षं संसार केला होता आणि त्या काळात लग्नं, बारशी आणि गावचा उरूस सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या. समुद्र बघायचा म्हणून त्यांनी दोन नवे ड्रेस शिवले. त्यांना दोन वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास होता. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली ती एका अटीवर: सकाळ-संध्याकाळची गोळी एकदाही चुकता कामा नये. सलिमांनी गोळ्या मोठ्या बॅगेत, नव्या कपड्यांच्या घडीत, अगदी तळाला ठेवल्या. त्यांच्या घरी मोलाची वस्तू पेटीच्या तळालाच ठेवायची रीत होती.

निघायच्या दिवशी मॅडमनी बॅगांना बांधायला स्टोअरमधून चिठ्ठ्या मागवल्या. हिरव्या चिठ्ठ्या, म्हणजे कारखान्याच्या भाषेत माल पास, एकशे चौसष्ट बॅगांना पुरल्या. उरलेल्या अठ्ठेचाळीस बॅगांना लाल बांधल्या. (लाल चिठ्ठ्या कारखान्यात कधी कमी पडत नाहीत.) मुलाण्यांची मोठी बॅग या अठ्ठेचाळीसांत होती. तिच्यावर नाव नव्हतं, फक्त आकडा होता, कारण नावाला चिठ्ठीवर रकानाच नव्हता.

धक्क्यावर हमालांची वाट बघण्यापेक्षा आपणच बॅगा चढवू, असं कारखान्याच्या डिस्पॅच विभागातल्या कुलदीपनं ठरवलं. त्याच्या माणसांनी पंचवीस मिनिटांत काम फत्ते केलं. हिरव्या चिठ्ठीच्या बॅगा खोल्यांकडे गेल्या. लाल चिठ्ठीच्या बॅगा खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात रचून भोवती दोरी बांधली गेली आणि त्यावर ‘निर्णय प्रलंबित’ अशी पाटी लागली. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नाही. याला संस्कार म्हणतात.

जहाज दुपारी निघालं आणि चाळीस मिनिटांनी थांबलं. इंजिनाला काहीतरी झालं होतं. ध्वनिक्षेपकावरून त्याला ‘निसर्गदर्शन थांबा’ असं म्हटलं गेलं. समोर एका तेलवाहू जहाजाची मागची बाजू होती आणि पुढे ती तशीच राहिली. प्रवाशांनी तिच्याकडे पाठ करून फोटो काढले आणि स्टेटसला ‘गोव्याच्या वाटेवर’ असं लिहिलं. नळाला आधी तांबूस पाणी आलं, मग नुसती हवा आली. वातानुकूलन यंत्रणेला थंडी आणि भट्टी असे दोनच सूर ठाऊक होते. पोहण्याचा तलाव रंगकामासाठी कोरडा ठेवला होता, तेव्हा लोक त्याच्या तळाशी टॉवेल अंथरून पडले. दुपारचं जेवण चार वाजता आलं. एकच पिवळा रस्सा तीन भांड्यांत तीन नावांनी ठेवला होता आणि तिसऱ्या नावापुढे रांग जास्त होती. संध्याकाळी जादूगाराचा कार्यक्रम होता, पण जहाज जागचं हललं नसतानाही जादूगाराला बोट लागली.

सेवेच्या बाबतीत मात्र जहाजाची शिस्त वाखाणण्याजोगी होती. प्रवाशांची ख्यालीखुशाली विचारायला एक पांढऱ्या गणवेशातला तरुण दिवसातून दोनदा प्रत्येक खोलीच्या दारात येई. त्याच्या हातात वही असे.

तो पहिल्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “एनी प्रॉब्लेम, सर?”

आतला माणूस पलंगावरून उठला, त्यानं टाचा जुळवल्या आणि तो म्हणाला, “ऑल ओके, सर.”

पहिल्या दोन फेऱ्यांत एकशेसहा खोल्यांमध्ये मिळून दोनशे बारा वेळा विचारणा झाली. तक्रारी शून्य. काही खोल्यांत तर अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत ‘ऑल ओके’ म्हटलं गेलं. दोनदा इब्राहिमभाईंच्याही तोंडून तेच निघालं. त्या वेळी सलिमा जिने उतरून-चढून बॅग शोधत होत्या. कप्तानानं वहीतला तो तक्ता पाहिला आणि एक रास्त निष्कर्ष काढला. जिथे तक्रारच नाही तिथे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन अडकवून ठेवणं हा मनुष्यबळाचा अपव्यय होय. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना लाँचमधून किनाऱ्यावर सुट्टीला पाठवण्यात आलं. लाँचमध्ये जागा शिल्लक होती म्हणून जहाजाचे डॉक्टरही गेले.

तोवर सलिमांच्या दोन गोळ्या चुकल्या होत्या. दुपारी त्यांचं डोकं जड झालं आणि दाराची चौकट दोन-दोन दिसायला लागली.

“अवो,” त्या म्हणाल्या, “माझी ब्याग बघा ना कुठं हाय. गोळ्या त्यात हायेत. मला बरं वाटंना.”

इब्राहिमभाई घाबरले. ते तडक विजयश्री मॅडमकडे गेले. मॅडमही बिचाऱ्या दोन दिवस बिनआंघोळीच्या होत्या, पण चेहऱ्यावर तसं काही दाखवत नव्हत्या.

“इब्राहिमभाई, संध्याकाळपर्यंत थांबा ना, प्लीज,” त्या म्हणाल्या. “जहाजाकडून आपल्याला शून्य तक्रारीचं प्रमाणपत्र मिळतंय. पुढच्या ऑडिटला दर्शनी भागात लावू. आणि हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच तर शिकवलंत सगळ्यांना.”

इब्राहिमभाई माघारी वळले. परत येताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी वहीवाल्याला सांगायचं. वाक्यही जुळवलं: माझ्या बायकोची तब्येत बिघडली आहे, बॅग सापडत नाही. सोपं वाक्य होतं. त्यांनी ते दोन जिन्यांत चार वेळा म्हणून पाहिलं.

खोलीत सलिमा बाटलीतल्या पाण्यानं भिजवलेला रुमाल कपाळावर ठेवून पडल्या होत्या. दारावर टकटक झाली. वही दिसली.

“एनी प्रॉब्लेम, सर?”

इब्राहिमभाईंच्या टाचा जुळल्या.

“ऑल ओके, सर,” ते म्हणाले.

वहीवाल्यानं खूण केली आणि तो पुढे गेला. इब्राहिमभाई दाराकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मागे वळायची त्यांची हिंमत होईना. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पाठीमागे पलंग करकरला. सलिमा उठल्या, भिंतीला हात लावत त्यांच्या बाजूने बाहेर गेल्या आणि ओसरीसारख्या त्या लांबट बोळात उभ्या राहून त्यांनी हाक मारली.

“ए भाऊ, थांब जरा. काय बी ओके न्हाई. माझी ब्याग न्हाई, गोळी न्हाई, डोकं गरगरतंय. नळाला कालपासनं पानी न्हाई. लिही.”

तरुण चांगला होता. त्यानं लगेच वही उघडली, पण तीत फक्त ‘बरोबर’ची खूण करण्यापुरते चौकोन होते. शेवटी त्यानं तळहातावर लिहून घेतलं आणि तो पळत खाली गेला. दहा मिनिटांत बॅग सापडली. ती जहाजावरच होती, दोरीच्या आत. सलिमा भिंत धरत खाली गेल्या, तर दोरीपाशी कुलदीप पहाऱ्याला बसला होता.

“वहिनी, तुमचीच ब्याग हाय, मान्य,” तो अगदी अदबीनं म्हणाला. “पन लाल चिठ्ठी हाय. मुलाणीसाहेबांची लेखी मंजुरी आल्याबिगर मला हलवता येत न्हाई. साहेबांनीच नियम केलाय.”

इब्राहिमभाईंना बोलावण्यात आलं. कुलदीपजवळ मंजुरीचा फॉर्म होता. (तो फॉर्म सहलीला बरोबर का आणला होता, असं त्याला विचारलं असता त्याला प्रश्न समजला नाही.) फॉर्मवर वस्तूचं वर्णन, संख्या आणि ‘दोषाचं मूळ कारण’ असे तीन रकाने होते. सलिमा जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. इब्राहिमभाईंनी पहिले दोन रकाने झरझर भरले. तिसऱ्यापुढे ते थांबले. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. ते कारण पेन हातात घेऊन तिथेच उभं होतं. मग त्यांनी ‘हिरव्या चिठ्ठ्यांचा तुटवडा’ असं लिहून सही केली.

सलिमांनी गोळी घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांना उतार पडला आणि त्या वरच्या मजल्यावर एकट्याच तेलवाहू जहाज बघत बसल्या.

त्यांच्या तक्रारीचं काय करायचं, हा पेच मॅडमनी कौशल्यानं सोडवला. तक्रारदार ही ‘कर्मचारी नसून कर्मचाऱ्याची पत्नी’ असल्यानं कर्मचाऱ्यांच्या तक्रारी शून्यच राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जहाजानं ‘सागरसम्राज्ञी’ला ओढत धक्क्याला आणलं. उतरण्याआधी छोटेखानी समारंभ झाला आणि प्रमाणपत्र सगळ्यांच्या वतीनं इब्राहिमभाईंनी स्वीकारलं. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

कासारवाडीत परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, “कशी झाली सहल?” इब्राहिमभाई म्हणाले, “एक नंबर.” दोन शेजाऱ्यांनी त्याच जहाजाची चौकशी केली आणि इब्राहिमभाईंनी बुकिंगचा नंबर दिला.

आठवडा गेला. सलिमांचा रक्तदाब तपासून झाला, तो ठीक होता. घरातलं सगळं वेळेवर होत होतं. चहा वेळेवर, डबा वेळेवर. डब्याच्या भाजीत मीठही बरोबर होतं. एका संध्याकाळी जेवताना इब्राहिमभाईंनी विचारलं, “बरी हायेस ना?”

“व्हय.”

“काय त्रास?”

“काय न्हाई.”

“माझ्यावर रागावलीस का?”

“न्हाई,” सलिमा म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

इब्राहिमभाईंचा घास हातातच राहिला. असं उत्तर त्यांनी शेकडो लोकांकडून घोटून घेतलं होतं आणि त्याच्या आड किती माल लपवता येतो, हे चाकणात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना पुढचं काहीतरी विचारायचं होतं. पण एक्केचाळीस ऑडिटरांपैकी एकानंही कधी पुढचा प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे तो कसा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भाकरी संपवली.

ज्या वाचकांच्या घरात बऱ्याच दिवसांत एकही तक्रार आलेली नाही, त्यांचं मनःपूर्वक अभिनंदन.