मोजलं कुणी?

आमच्या लातूरच्या कार्यालयाला एकवीस पायऱ्या आहेत. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण अप्पा त्या रोज चढताना मोठ्यानं मोजतात आणि वर आल्यावर आकडा जाहीर करतात. पहिल्याच आठवड्यात मी वैतागून म्हटलं, "अप्पा, काल एकवीस होत्या म्हणजे आजही एकवीसच असणार." ते गंभीरपणे म्हणाले, "असनार म्हंजे? मोजलं कुनी?"

हे अप्पांचं पालुपद. साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात शिसपेन्सिल. सगळी हयात आमच्या दैनिकाची मुद्रितं तपासण्यात गेली. मी नांदेडची, डेटा पत्रकारितेची प्रशिक्षणार्थी, म्हणजे आकड्यांतून बातमी काढायला शिकणारी. मुदत सहा महिने. मला वाटलं होतं, रंगीबेरंगी नकाशे करायला मिळतील. मिळालं काय, तर कुरकुरणारा पंखा, अक्षरं पुसलेला कीबोर्ड आणि शेजारी अप्पा.

बातमीत कुणी "हजारोंचा जनसमुदाय" लिहिलं की अप्पा मंडपवाल्याला फोन लावत, "खुर्च्या किती दिल्या होत्या रे?" आणि हजारोंचे चारशे करून टाकत. पुढारी रुसलेले, बातमीदार कावलेले. पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीतली पानं मोजून आचाऱ्याशी भांडण काढलं, असं मला तिघांनी सांगितलं. पानांचा आकडा मात्र तिघांचा वेगळा होता.

माझ्यावर तर त्यांचा खास लोभ. तक्ता उघडला की खुर्ची ओढून हजर.

"पोरी, काय करायलीस?"

"सरासरी काढतेय, अप्पा."

"काढ. पन अंदाजपंचे दाहोदरसे न्हाई चालनार. कागदावरच्या मानसाला तहान लागत न्हाई."

त्यांच्यापायी मी भर उन्हात किल्लारीच्या थांब्यावर बसून येणाऱ्या जीपा मोजल्या. परत आले, तर पाणी प्यायच्या आधी प्रश्न, "अन् जानाऱ्या?" त्या रात्री आईनं फोनवर विचारलं, नोकरी पक्की झाली का. मी म्हटलं, मोजणी चालू आहे.

पक्कं होणं शेवटच्या कामावर होतं. चार गल्ल्यांत घरोघर विचारून बातमी करायची, नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि माणशी किती घागरी पडतात. फॉर्म गल्लीतल्या बायकांनी भरून आणले होते. संपादकांनी बजावलं होतं, एक आकडा चुकीचा निघाला तरी नोकरीचा विषय संपला. तक्ता त्याच दिवशी संध्याकाळी पाचला पाठवायचा होता.

अप्पांची पद्धत ठरलेली. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, दहा काढायच्या आणि त्या दहा घरी स्वतः जाऊन पडताळायचं. सकाळी त्यांनी नऊ चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. दहावी वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली.

"नऊ बास झाली."

नऊ बास? अप्पांना? मला वाटलं, यांना ऊन लागलं. मी निमूटपणे नऊ घरं पायी फिरून आले. नऊही बरोबर निघाली. पाय भरून आले होते, एकदाचा तक्ता पाठवून मोकळं व्हावंसं वाटत होतं. पण सहा महिन्यांत वाईट सवय लागली होती. घडी घालताना त्या चिठ्ठीवरचा घर क्रमांक मला दिसला होता. तो तक्त्यात शोधला. कुटुंबप्रमुख, अप्पा स्वतः. घरातली माणसं, दोन.

अप्पांची बायको मी इथं येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात वारली. मूलबाळ नाही. कार्यालयात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"अप्पा," मी हळूच विचारलं, "हे मोजलं कुणी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मीच सांगितलं. त्या बाईनं इचारलं, घरात मानसं किती? तोंडातून निघून गेलं, दोन. दुरुस्त करावं म्हनलं, तर तिनं लिव्हलं बी होतं. मंग बघतच बसलो त्या आकड्याकडं. लई दिवसांनी बरोबर वाटला."

मला रडू येत होतं आणि साडेचार वाजले होते.

"एका घरानं काय बिघडतंय, अप्पा? राहू दे."

"राहू दे?" त्यांचा आवाज चढला. "उद्या कुनी मोजलं तर तुझी नोकरी जाईल. एक कर."

मी त्या घराच्या ओळीवर गेले.

"थांब," ते म्हणाले. पिशवी उचलली, चपला घातल्या. "मी खाली उतरल्यावर कर."

एरवी मोठ्यानं मोजणारे अप्पा गप्प उतरत होते, म्हणून त्यांच्या पायऱ्या मी मोजल्या. एकविसावी झाली, तेव्हा दोनाचा एक केला.