नागव्वाचे मासे

गुरुबसप्पा कॉलेजात कामावर निघाला, तेव्हा काचेच्या पेटीत आणखी एक लाल मासा पोट वर करून तरंगत होता. त्याची बायको नागव्वा जाऊन तीन महिने झाले होते. तिनं पाच वर्षं हे मासे सांभाळले, एकही मेला नव्हता. तिच्या माघारी हा दुसरा. आता चार उरले. त्यानं मासा जास्वंदीच्या बुडाशी पुरला आणि न जेवताच निघाला.

गुरुबसप्पा कॉलेजात कारकून होता. तिथल्या प्रयोगशाळेतला शिपाई रावजी मंद्रूपचा, ओढ्याकाठी वाढलेला. गुरुबसप्पानं त्याला मासे मरतात ते सांगितलं.

"खायला किती घालता?" रावजीनं विचारलं.

"दोन मुठी. उपाशी राहू नयेत म्हणून."

"दोन मुठी म्हशीला घालत्यात, अप्पा. उरलेलं तळाला कुजतंय, पाणी नासतंय. खेकडा ठेवा, तळ साफ करतोय."

दुसऱ्या दिवशी रावजीनं डब्यातून दोन बारके खेकडे आणले. लिंगायताच्या घरात खेकडे आणणं गुरुबसप्पाला स्वतःलाच पटत नव्हतं. पण नागव्वाच्या मागं तिचं म्हणून जिवंत एवढंच उरलं होतं.

त्यानं पेटी घासून नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"नळाच्या पाण्यात औषध असतंय," रावजी म्हणाला. "एक दिवस उघडं ठिवून मग घाला."

गुरुबसप्पानं तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख घासला आणि त्यात पाणी भरून ठेवलं. त्या पाण्यात मासे तगले, पण तिसऱ्या दिवशी एक खेकडा पाय आखडून मेला.

"तांबं खेकड्याला विष, अप्पा. माठात ठिवा की. आन निम्मं आडाचं जड पाणी घाला. त्यातल्या चुन्यानं त्याची पाठ टणक ऱ्हाती. माशांनाबी चालतंय. आन खेकड्याला वर यायला एक धोंडा ठिवा, न्हाईतर गुदमरंल."

बाहत्तरच्या दुष्काळात आटलेल्या आडाला आता पाणी होतं. गुरुबसप्पानं ते मिसळलं, धोंडा ठेवला. त्याच दुपारी खेकडा धोंड्यावर चढला, धोंड्यावरून काठावर, काठावरून खाली, आणि शेजारच्या गिरिजाबाईच्या स्वयंपाकघरात गेला. तिथं मैंदर्गीचे स्वामी नुकतेच पानावर बसले होते.

स्वामी न जेवता उठले. गुरुबसप्पा खाली मान घालून डबा घेऊन गेला आणि खेकडा घेऊन परत आला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की बायको गेल्यावर गुरुबसप्पा खेकडे खायला लागला. त्यानं पेटीवर जाळी घातली, जाळीवर वरवंटा ठेवला. तीन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी गिरिजाबाई आली. पेटीकडं बघत उभी राहिली.

"अण्णा, हे सगळं कशापायी करताय?"

"नागव्वाचा जीव होता माशांवर."

गिरिजाबाई म्हणाली, "तिला किळस यायची, अण्णा. तुमची हौस म्हणून सांभाळायची."

"माझी? गड्ड्याच्या जत्रेत ती माशांच्या दुकानापुढं किती वेळ उभी होती. म्हणून तर मी घेतले."

"चपलेचा अंगठा तुटला होता तिचा. मी संगंच होते की."

गुरुबसप्पा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला तरी कुटं आवडत होते."

गिरिजाबाईनं वाटीभर आमटी आणून ठेवली आणि ती गेली.

रविवारी रावजी येऊन गेला. त्यानं पाण्यात बोट घातलं, वास घेतला. तळ स्वच्छ होता, खेकडा धोंड्यावर बसला होता, चारही मासे तरतरीत फिरत होते.

"जमलं बगा, अप्पा. आता काळजी सोडा. असल्या पाण्यात हे धा वर्षं मरत न्हाईत."

"धा?" गुरुबसप्पानं विचारलं.

त्याचा पडलेला चेहरा बघून रावजीला वाईट वाटलं. त्याला धीर देत तो म्हणाला, "नीट सांभाळलं तर बाराबी जगतील."