बत्ताशीचं नाक

एका जंगलात, मुलांनो, एकदा एक नाक आत गेलं. कुणाचं, ते सांगतो. गडबड करू नका.

त्या जंगलाच्या सिंहमहाराजांनी कुत्रा पाळला होता. त्याचं नाव बहादूर. सिंहाला कुत्रा कशाला, असं विचारू नका. राजाला विचारायचं नसतं. हा बहादूर पिल्लू असताना दगडावरून तोंडावर आपटला आणि त्याचं नाक चेपून आत गेलं. आता राजाच्या कुत्र्याचं नाक चेपलं, असं कोण म्हणणार? दरबारी म्हणाले, "वा! काय नाक आहे!"

झालं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ज्याला त्याला नकटा कुत्रा हवा झाला. सरळ नाकाच्या गावठी कुत्र्यांना ओढ्यापलीकडे हाकललं गेलं. आणि खोकडशेठनी दुकान मांडलं.

खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ. अंगानं लहान, पण धंद्यात थोरला. आपटून चेपलेलं नाक पिल्लांत उतरत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. खोकडशेठ त्या शाळेत गेले नव्हते. ज्या पिल्लाचं नाक आखूड, तेवढंच शेठ ठेवायचे. मग त्याला त्याच्याच बहिणीशी लावून द्यायचे, म्हणजे पुढचं आणखी आखूड.

"शुद्ध रक्त आहे," ते गिऱ्हाइकाला सांगत. "बाहेरचा थेंब नाही."

याच जंगलात केसोबा नावाचं अस्वल राहत होतं. केसोबा अंगानं केवढा थोरला, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. निघायला लागला की घशात अडकायचा. नाक मात्र त्याचं असं, की दोन डोंगरांपलीकडचं मधाचं पोळं त्याला घरबसल्या कळे. त्याला राखणीला कुत्रा नको होता.

पण एक दिवस त्याची बायको झिपराबाई म्हणाली, "अहो, गव्यांकडे कुत्रं आलं. सांबरांकडे आलं. त्या साळिंदराकडेसुद्धा आलं, जवळ घेता येत नाही तरी. आपल्याच दाराशी काही नाही. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?" केसोबानं विचारलं.

"तेच तर कळत नाही. म्हणून तर धसका बसतो."

तेव्हा त्यांच्याकडे बत्ताशी आली. गोल, पांढरी, वरून दाबल्यासारखी. दोन डोळ्यांच्या मधे कुठेतरी दोन भोकं होती, त्याला नाक म्हणायचं. ती बहादूरचीच लेक, असं खोकडशेठनी शपथेवर सांगितलं. या एका बाबतीत ते खरं बोलले, हे पुढे कळेल.

कुत्रं आलं म्हणजे शिकवणं आलं. त्यासाठी वानरमास्तर येऊ लागले. "कुत्र्याशी आपल्या भाषेत बोललं तर ते लाडावतं," मास्तर म्हणाले. "त्याला परक्या भाषेतच समजतं." आणि ते ओरडले, "सिट!"

बत्ताशीनं मास्तरांकडे पाहिलं. मग केसोबाकडे पाहिलं. तिला समजावं म्हणून केसोबा स्वतः बसून दाखवू लागला. मास्तर 'सिट' म्हणाले की केसोबा बसे. असं रोज चाललं. महिनाभरात बत्ताशी काही शिकली नाही. केसोबा मात्र पक्का तयार झाला. कुणी कुठेही 'सिट' म्हटलं, की तो जिथे असेल तिथे फतकल मारी. एकदा भर ओढ्यात बसला.

"निकाल चांगला लागला," असं म्हणून मास्तर आपल्या केळ्यांचा घड घेऊन गेले.

सुरुवातीला केसोबाला वाटलं होतं, राहील बिचारी एका कोपऱ्यात. पण दुपारी ती त्याच्या पोटावर चढून झोपायला लागली, आणि मग सगळंच बदललं. ती घोरायची. झिपराबाई घोरली की केसोबाची झोप मोडे. बत्ताशी घोरायची थांबली की मोडे. कारण घोरणं थांबलं की तिचा श्वासही थांबलेला असे. मग तो तिला हलवी, "बत्ताशे, ए बत्ताशे," आणि ती एक मोठा सुस्कारा टाकून पुन्हा सुरू होई. केसोबाचा तिच्यावर फार जीव जडला.

शेवटी तो तिला डॉक्टर बगळ्यांकडे घेऊन गेला. त्यांची चोच घशात खोलवर जाई, म्हणून त्यांचा दवाखाना चाले. त्यांनी चोच घातली, बाहेर काढली, पुसली.

"हे घोरणं नाही, केसोबा. ही गुदमरतेय."

"पण खोकडशेठ म्हणाले, घोरणं खानदानी आहे."

"गुदमरणं खानदानी आहे. हिचा बापही असाच गुदमरतो. महाराज त्याला कडेवर घेऊन फिरायला नेतात, पाहिलं नाहीत का? हिला उन्हात हिंडवू नका. वजन उतरवा. आणि गोड बंद म्हणजे बंद."

केसोबानं मान डोलावली. दवाखान्याच्या वळणावर बत्ताशीनं वर पाहिलं, आणि त्यानं काखेतला मधाचा लाडू काढून तिला दिला. हसू नका. तुम्ही काय वेगळं केलं असतंत?

त्या वर्षी दरबारात कुत्र्यांची स्पर्धा भरली. पहिल्या येणाऱ्याला 'जंगलाचं नाक' असा किताब होता. ऊन रणरणत होतं. बत्ताशी महाराजांसमोर आली, तिचे पुढचे पाय पसरले आणि ती आडवी झाली.

"किती शालीन!" परीक्षक म्हणाले. "थेट लोटांगण!"

किताब बत्ताशीला मिळाला. केसोबा तिला उचलून सावलीकडे पळाला. झिपराबाई हार घेऊन मागे राहिली, कारण लोक बघत होते.

दुसऱ्याच दिवशी खोकडशेठ घरी आले. पेढे घेऊन आले.

"नशीब काढलंत, केसोबा! महाराजांकडून सांगावा आहे. बहादूरचा मुलगा, छोटे बहादूर, त्याच्यासाठी तुमची बत्ताशी मागितलीय. काय पिल्लं होतील! नाक औषधाला सापडायचं नाही."

केसोबा बोटांवर काहीतरी जुळवत बसला. मग दबकत म्हणाला, "पण शेठ, आमची बत्ताशीही बहादूरचीच ना?"

"अर्थात!"

"आणि आई?"

"आईही तीच, माझ्या दुकानातली पिढीजात नकटी. मागचं वेत छोट्या बहादूरचं, पुढचं हिचं."

"म्हणजे सख्खा भाऊ झाला की हो तो तिचा!"

"म्हणून तर शुद्ध!" खोकडशेठ म्हणाले.

आता ऐका हं. याच झिपराबाईनं मागच्या वर्षी आपल्या लेकीसाठी आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं होतं. मुलगा देखणा, स्वतःची गुहा, तीन झाडांवर पोळी. पण सात पिढ्यांमागे कुठेतरी आजोळच्या घराशी रक्त जुळत होतं. "आमच्यात गोत्रसुद्धा एक चालत नाही," तिनं ठणकावून सांगितलं होतं. तीच झिपराबाई आता मधपोहे करायला उठली.

केसोबा बत्ताशीला उचलून मागच्या वाटेनं डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी बत्ताशीची कंबर चाचपली.

"हिची कंबर अरुंद. छोट्या बहादूरच्या पिल्लांची डोकी मोठी. मागच्या खेपेला त्याच्यापायी गव्यांची कुत्री गेली. पिल्लं अडतील, केसोबा. हीसुद्धा जाईल."

"जाईल म्हणजे?"

"जाईल म्हणजे जाईल."

केसोबा तिथून तडक खोकडशेठच्या दुकानी गेला. आज 'नाही' म्हणायचंच, असं त्यानं वाटेत चारदा घोकलं. दुकानात त्यानं तोंड उघडलं.

"बोला, महाराजांना काय कळवू?" खोकडशेठनी विचारलं.

"सांगा..." केसोबा म्हणाला. "सांगा की... पंगतीला अस्वलांकडचे किती जण येणार, ते नंतर सांगतो."

घरी येऊन तो बत्ताशीला पोटावर घेऊन बसला आणि स्वतःच्या गालात मारून घेतली. एवढा मोठा देह आणि त्यात एक शब्द मावू नये, याची त्याला लाज वाटली.

मुलांनो, इथे आणखी एक जण येतो. ओढ्यापलीकडे लांब्या नावाचा गावठी कुत्रा होता. कान उभे, बरगड्या दिसतायत, आणि नाक हे एवढं. बरेच दिवस तो केसोबाच्या कुंपणाबाहेर येऊन बसत होता. कुणाला कळलं नव्हतं. जंगलात वास घेणारा कुत्रा उरलाच कुठे होता? केसोबाला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा वास येत होता. तो काही बोलला नव्हता. बत्ताशी कुंपणाशी गेली की शेपूट हलवते, हेही त्यानं पाहिलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी फाटक उघडं सापडलं. बत्ताशी नव्हती. कुंपणाबाहेर लांब्याही नव्हता.

फाटकाची कडी कुणी काढली, ते केसोबाला विचारू नका. विचारलंत तर तो आभाळाकडे बघेल.

जंगलात एकच बोंब झाली. "केसोबाचं नाक कापलं! कुत्रीनं नाक कापलं!" झिपराबाईनं कपाळ बडवून घेतलं. म्हातारी कासवीण वऱ्हाडाबरोबर आली होती, ती मान आत घेता घेता म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." पंगत तशीच उठली. महाराजांनी किताब काढून घेतला. पाणवठ्यावर केसोबा आला की बाकीचे पाणी पिऊन झाल्यासारखं करून निघून जात.

केसोबाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. दुपारी पोट मोकळं मोकळं लागे, त्याचं मात्र वाटे. तो रोज ओढ्याच्या काठी जाऊन हवेत नाक धरी आणि बत्ताशी जिवंत आहे एवढं कळलं की परत येई.

दोन महिने गेले असतील. एका सकाळी वास वेगळा आला. रक्ताचा. केसोबा डॉक्टरांना पाठीवर घालून ओढा ओलांडून धावला.

करंजाच्या झाडाखाली बत्ताशी पडली होती. पाच पिल्लं शेजारी वळवळत होती. सहावं अडलं होतं. लांब्या एका जागी बसेना. डॉक्टरांनी चोच घातली, डोळे मिटले, आणि हळूहळू ते सहावं ओढून काढलं.

"बापाच्या वळणावर गेलीत म्हणून निभावलं," ते म्हणाले. "डोकी लहान आहेत."

पण बत्ताशीचं घोरणं थांबलं होतं. केसोबानं तिला पोटावर घेतलं. हलवलं. "बत्ताशे, ए बत्ताशे." काही नाही. पुन्हा हलवलं. तेव्हा कुठे तिनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि पुन्हा घुर्र सुरू केली. केसोबा लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांनी मान दुसरीकडे वळवली, आणि बगळ्याची मान वळवायला बराच वेळ लागतो.

"पुन्हा वेत झालं तर माझी चोच काही करू शकणार नाही," ते शेवटी म्हणाले. "ही जरा सावरली की पुन्हा पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया करून टाकू. आणि ऐका. सहाही पिल्लांना नाकं आहेत."

केसोबा सगळ्यांना घरी घेऊन आला. लांब्या न बोलावता मागोमाग आला आणि फाटकाबाहेर बसला. झिपराबाईनं पिल्लं पाहिली. नाकं अंगठ्यानं दाबून पाहिली, आत जातायत का. नाही गेली. उलट एका पिल्लानं तिचा अंगठा चाटला. तिनं दुसरा अंगठा पुढे केला.

सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात खोकडशेठ आले.

"महाराजांनी मन मोठं केलंय, केसोबा! झालं गेलं ते पोटात घातलं. छोटे बहादूर अजून एकटेच आहेत. बत्ताशीला मी आजच घेऊन जातो. आणि हे..." त्यांनी पिल्लांकडे बघून नाक मुरडलं. "हे ओढ्यात सोडून द्या. डाग धुतला जाईल."

केसोबाचे केस उभे राहिले. डॉक्टरांचे शब्द त्याला आठवले. त्यानं तोंड उघडलं. 'नाही' घशापर्यंत आलं, अडकलं. त्यानं आवंढा गिळला, तर ते पार खाली गेलं. तो नुसता चालत चालत खोकडशेठच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. तिथेच का, ते मला माहीत नाही.

खोकडशेठनी खिशातून दोरी काढली. बत्ताशी घाबरून मागे सरकली. तेव्हा ते वाकले आणि आवाजात साखर घालून म्हणाले, "घाबरायचं नाही हं, बाळ. सिट!"

केसोबा बसला.

त्याला उठायला बराच वेळ लागला. मास्तरांनी फक्त बसायचं शिकवलं होतं. उठायला काय म्हणतात, तो धडा घ्यायचा राहून गेला होता.

अखेर झिपराबाईनं ओढून त्याला उठवलं. खालून खोकडशेठ निघाले. जिवंत होते. पण त्यांचं ते निमुळतं, टोकदार नाक आत गेलं होतं. दोन डोळ्यांच्या मधे दोन भोकं उरली होती. ते घुर्र घुर्र करत थेट दरबारात तक्रार घेऊन गेले.

महाराजांनी त्यांच्याकडे डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं.

"वा!" महाराज म्हणाले. "काय नाक आहे!"

'जंगलाचं नाक' हा किताब त्याच दिवशी खोकडशेठना मिळाला. असं नाक एका पिढीत संपून चालणार नाही, असं दरबारात एकमतानं ठरलं. स्थळाचा शोध सुरू झाला. फार लांब जावं लागलं नाही.

"अहो, पण ती माझी सख्खी बहीण आहे!" खोकडशेठ गुदमरत ओरडले.

"म्हणून तर शुद्ध!" दरबारी म्हणाले.

इकडे बत्ताशीची शस्त्रक्रिया नीट पार पडली. ती अजून केसोबाच्या पोटावर झोपते आणि घोरते. गोड बंद आहे, असं केसोबा सांगतो.

तात्पर्य : कुत्रा कितीही शिकवून शिकला नाही, तरी खचून जाऊ नये. घरात एक जण शिकला तरी पुरतं. आणि घराण्याचं नाक सांभाळायचं असेल, तर फाटकाची कडी फार घट्ट बसवू नये.