निरापदबाबूंची बॉर्बोरिग्मी

डॉक्टरांना शब्दाचा अर्थ विचारायचा नाही, एवढंच निरापद समाद्दारांनी ठरवलं होतं. कृष्णनगरच्या भूमापन कचेरीत त्यांच्या इंग्रजीचा दबदबा होता. साहेबांच्या पत्रातही ते स्वल्पविराम घालून देत. असा माणूस डॉक्टर बागचींच्या चिठ्ठीवरचं 'इम्पॅक्टेड सेरुमेन' आणि त्याखालचं 'बॉर्बोरिग्मी' म्हणजे काय, असं कसं विचारणार? डॉक्टर तोंडानंही बरंच सांगत होते, पण कान आठवडाभर गच्च बसलेले. निरापदबाबूंना फक्त मिशा हलताना दिसल्या. ते "आय सी, आय सी" म्हणत राहिले. 'गुरुवारी' आणि 'मोठी सिरिंज' एवढेच शब्द आत शिरले.

घरी त्यांच्या बायकोनं, सुरमानं, त्यांच्या कानाला तोंड लावून विचारलं, "काय निघालं?"

"दोन निघाले. एक कानात, एक पोटात."

सुरमानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि आधी देवापुढे दिवा लावला. "तरी मी म्हणतेय, तुमच्या पोटात सारखं कोण बोलतं."

निरापदबाबूंचं पोट नाजूक, म्हणून नऊ वर्षं ती त्यांना कच्च्या पपईचं पांचट कालवण खायला घालत आली होती. त्या दिवसापासून पपई बंद झाली. नारळाच्या दुधातली कोळंबी आली, मैद्याच्या पुऱ्यांची लुची आली, मटण आलं. सुरमा वाढायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा वाढायची. निरापदबाबूही रडायचे, पण ताट रिकामं करूनच.

बुधवारी मात्र त्यांनी कोळंबीचं ताट बाजूला सारलं.

"सुरमा, जाण्याआधी सांगून टाकतो. कचेरीमागे हारूचं दुकान आहे. तिथं मी रोज चार वाजता कचोऱ्या खातो. बटाट्याच्या रश्शात बुडवून."

"कधीपासून?"

"पपई सुरू झाली तेव्हापासून."

सुरमानं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. मग कानाशी येऊन म्हणाली, "जाऊ दे. जाणाऱ्या माणसावर काय रागवायचं."

ते ऐकून निरापदबाबूंना इतकं हलकं वाटलं, की मरणाचीही फारशी भीती उरली नाही.

गुरुवारी ती त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. "डॉक्टरबाबू, किती दिवस राहिलेत यांचे?"

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. "अहो वहिनी, कानात मळ घट्ट बसलाय. आणि पोट गुरगुरतंय. त्याचीच ही मोठी नावं. मी यांना सगळं समजावलं होतं. हे आय सी म्हणाले."

"म्हणजे हे मरत नाहीत?"

"मळानं? माझ्याकडे तरी अजून कोणी मेलेलं नाही."

"बरं," सुरमा म्हणाली.

निरापदबाबूंना यातलं काहीच ऐकू आलं नाही, पण हातावरची तिची पकड बदललेली त्यांना कळली. डॉक्टरांनी एकेका कानात कोमट पाण्याची सिरिंज मारली. वाटाण्याएवढे दोन काळे गोळे वाटीत पडले, आणि जग एकदम बोलू लागलं. पंख्याची घरघर आली, रस्त्यावरच्या रिक्षाची घंटी आली, आणि पाठीमागून सुरमाचा शांत आवाज आला, "उद्यापासून रोज चार वाजता मी कचेरीत पपई घेऊन येणार आहे."

डॉक्टरांनी खालच्या आवाजात विचारलं, "समाद्दारबाबू, ऐकू येतंय का आता?"

"अजिबात नाही," निरापदबाबू ताबडतोब म्हणाले.