डोमाजी मिस्त्री आणि कोंड्याची राख

ही हकिगत मी इतकी वर्षं टाळली. डोमाजी मिस्त्रीचा विषय निघाला की मी त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगायचो, लोक हसायचे, आणि पुढचं सांगायची वेळ आली की मला काहीतरी काम आठवायचं. आज शेवटपर्यंत सांगतो.

डोमाजी कमरेला राखेची पिशवी बांधून फिरायचा. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. गोंदियात एका तांदूळ गिरणीच्या शेठनं बारा बिऱ्हाडांची तीन मजली इमारत उठवली होती, घरोघरी नळ आणि दिवा. पाणी तिसऱ्या मजल्यावर चढतं हे बघायला लोक तिरोड्याहून यायचे. मी तिथे सुपरवायझर, डोमाजी नळाचा मिस्त्री. पाइप जोडले की तो त्यांत पाणी भरायचा, प्रत्येक जोडावर गिरणीतल्या कोंड्याची कोरडी राख भुरभुरायचा आणि चोवीस तास थांबायचा. राख काळी पडली तर जोड गळतो; फुंकरीनं उडाली तर भिंत लिंपायला मोकळी.

"पाणी लबाड नाही," तो म्हणायचा. "माणसालेच घाई रायते."

ही राख त्याच्या कपाळाला, मिशीला लागलेली असायची. खोली बघायला आलेल्या एका बाईनं त्याला साधू समजून तापलेल्या पोरासाठी अंगारा मागितला.

"बाई, हे पाइपाची राख आहे. पोराले कायले लावता?"

तिनं तरी लावली. ताप उतरला. दुसऱ्या दिवशी चार बायका पोरं घेऊन रांगेत उभ्या. डोमाजी खेकसला, "तुमची पोरं गळून राहिली का?"

विजेशी मात्र त्याचं वाकडं. वायरमन तारांसाठी लाकडी पट्ट्या ठोकू लागला की हा लांबूनच विचारायचा, "काऊन गा, तुही वीज गळली तं कशी समजते?"

"झटका बसते न, काका."

"म्हंजे दिसत नाही अन् आंगावर येते. अशा पावण्याले घरात घेते का कोणी?"

काम नीट उतरलं तर पंप चालवायची नोकरी आणि पंपाशेजारची खोली देतो, असं शेठनं त्याला कबूल केलं होतं. त्या खोलीतला नळ डोमाजीनं तीनदा काढून पुन्हा बसवला, दर वेळी थोडा वर. मी वैतागलो, तेव्हा म्हणाला, "बायकोले वाकता येत नाही, साहेब. विहिरीवर पडली, कंबर गेली." एवढंच.

वास्तुशांती चार दिवसांवर आली आणि त्याच्या गावाहून, सौंदडहून, निरोप आला, बायको पुन्हा पडली. निघताना त्यानं मला बजावलं, "तिसऱ्या माळ्यावर राख टाकून ठेवली. मी येईस्तोवर भिंतीले हात नोका लावू."

शेठचा तगादा होता. मी वर चढून बघितलंसुद्धा नाही. खालूनच गवंड्याला सांगितलं, लिंपून टाक.

दोन दिवसांनी डोमाजी परतला, ओल्या गिलाव्यापुढे उभा राहिला. "राख पाहिली होती का, साहेब?"

"पाहिली. कोरडी होती," मी म्हणालो.

वास्तुशांतीला पंगत बसली होती ती तिसऱ्या मजल्यावर, त्याच भिंतीखाली. आधी भिंत फुगली. मग गिलाव्याचा पोपडा सुटून थेट शेठच्या व्याह्याच्या श्रीखंडात पडला, मागोमाग धार. व्याही पान सोडायला तयार नव्हते. पान तिरकं करून त्यांनी श्रीखंड वाचवलं.

"ये काम किसका है?" शेठनं विचारलं.

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी व्याह्यांच्या पानाकडे.

"मायं काम," डोमाजी म्हणाला.

नोकरी आणि खोली दुसऱ्याला गेली. भिंत फोडून, जोड आवळून, वर चोवीस तास थांबूनच तो गावी गेला.

दोन वर्षांनी मी माफी मागायला सौंदडला गेलो. डोमाजी विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होता. त्या गावात पुरुष पाणी भरत नसत. बायका पदराआड हसत होत्या. तो त्यांच्यातून सरळ चालत आला, ओट्यावर बसलेल्या बायकोच्या हाताशी येईल अशी घागर ठेवली, आणि मला तांब्या भरून दिला.

"साहेब, तिसऱ्या माळ्यावरचा जोड गळून तं नाही ना राहिला?"

"नाही."

"मंग बरं."

मी तांब्या रिकामा केला. "मिस्त्री," मी म्हणालो. तो थांबला. त्याची बायकोही माझ्याकडे बघू लागली.

"परतीची गाडी किती वाजता आहे?" मी विचारलं.